फ्रिजच्या दारावर न मावलेली पट्टी

माझ्या भाचीला शाळेतून एक उपक्रम मिळाला: घरातल्या पर्यावरणपूरक सवयींचा महिनाभराचा तक्ता. सातवीतली मुलगी, तिने तो जीव तोडून केला. फ्रिजच्या दारावर मोठा कागद चिकटवला. डावीकडे सोळा सवयी, वर तारखा, घरातल्या प्रत्येकाला एक रंग, आणि जो जी सवय पाळेल त्याच्या रंगाचा तारा. महिना संपेपर्यंत कागदावर ताऱ्यांची नुसती दाटी झाली. शाळेत शाबासकी मिळाली. ताईने तक्त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आमचं घर पास की नापास ते आता तू सांग."

वीजवापर मोजणं हे माझं काम आहे. दुसऱ्यांच्या इमारतींत मीटर लावत फिरणाऱ्या माणसाला घरचे सहसा काही विचारत नाहीत, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. त्यातून जे झालं त्याची ही नोंद. घर पास की नापास, हा प्रश्न पहिल्या तासातच बाजूला पडला. चार शहाणी, वाचणारी, कळकळीची माणसं आपल्याच घराचा अंदाज बांधताना कुठे चुकतात, हे त्याहून जास्त पाहण्यासारखं होतं. पाचवा चुकणारा मी होतो, पण ते शेवटी.

घरात चौघं. ताई, भावोजी, भाची आणि भावोजींच्या आई, ज्यांना भाचीचं ऐकून मीही आजीच म्हणतो. एक गाडी, एक एसी, एक गिझर. तक्त्यातल्या सोळा सवयी कुठल्याही घरात सापडतील अशाच: खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवणं, चार्जर सॉकेटमधून काढणं, दात घासताना नळ बंद ठेवणं, कापडी पिशवी नेणं, कागद पाठपोट वापरणं, ओला-सुका कचरा वेगळा करणं, स्ट्रॉ न वापरणं, नको असलेले ईमेल डिलीट करणं, वगैरे.

कोरे कागद आणि चिठ्ठ्या

मी आधी चौघांना एकेक कोरा कागद दिला. "आपल्या घरातल्या कुठल्या गोष्टींमुळे पर्यावरणावर सगळ्यात जास्त भार पडतो? पाच लिहा. एकमेकांत बोलायचं नाही."

चौघांच्या मिळून वीस ओळी आल्या. दिवे चारही कागदांवर, प्लास्टिक चारही कागदांवर, पाणी तिघांकडे, एसी दोघांकडे. गाडीचा उल्लेख फक्त भावोजींच्या कागदावर होता, आणि तोही असा: "सिग्नलला इंजिन बंद न करणे." गाडी रोज अठ्ठावीस किलोमीटर जाते-येते, त्याबद्दल अक्षर नाही. ती उभी असताना जे जळतं ते मात्र त्यांना टोचत होतं. त्याच वर्षी सुट्टीत चौघं विमानाने लांब जाऊन आले होते. त्या सहलीचे फोटो माझ्या डोक्यावरच भिंतीवर लावलेले होते. वीस ओळींत सहल नव्हती.

मग दुसरी फेरी. मी चौदा चिठ्ठ्या करून आणल्या होत्या. काही तक्त्यातल्या, काही माझ्या: गिझर, एसी, फ्रिज, गाडीने ऑफिसला जाणं, सुट्टीतला विमानप्रवास. प्रत्येकाने एकेकट्याने टेबलावर त्या उतरत्या क्रमाने मांडायच्या. भाचीने प्लास्टिकची पिशवी पहिली ठेवली, दिवे दुसरे, विमान नववं. ताईने पिशवी, कचरा, एसी असा क्रम लावला. भावोजींनी एसी पहिला ठेवला, ते बरोबरच्या जवळ जाणारं होतं, पण गाडी सहावी गेली, दिव्यांच्याही खाली. आजींनी कसलाही विचार न करता गिझरची चिठ्ठी उचलून वर ठेवली.

मी कारण विचारलं. "अरे, दिव्याला वातभर तेल लागायचं. रात्रभर पुरायचं. आणि घरादाराचं अंघोळीचं पाणी तापवायला लाकडांची मोळी. मोळी कोण फोडायचं, ते मला विचार."

या उत्तरावर मी अजूनही विचार करतो. गिझरचं बटण आणि दिव्याचं बटण शेजारी शेजारी असतं, दिसायला सारखं, दाबायला तेवढंच हलकं. एका बटणामागे 9 वॅट असतात, दुसऱ्यामागे 2,000. बोटाला दोन्हींत फरक कळायला काही वावच नाही. आजींच्या हाताला एकेकाळी तो कळत होता, आणि बटणं आल्यावरही तो त्यांनी विसरू दिला नव्हता.

बाकी तिघांचे निकष वेगळे होते, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. ताई म्हणाली, "पिशवी डोळ्यांना दिसते रे. टाकली की पडून राहते. धूर कुठे दिसतो?" कचऱ्याची चिठ्ठी इतकी वर का, तर ती म्हणाली, "दिवसातून दोनदा हात घालते मी त्यात. एवढं करून त्याचा उपयोग नसेल तर काय!" म्हणजे जे दिसतं ते मोठं, आणि ज्यात आपले कष्ट जातात तेही मोठं. भाचीचा निकष शाळेचा होता: ज्याची भित्तिपत्रकं जास्त, ते वर.

हे काही याच घरापुरतं नाही. शहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 505 लोकांना असेच अंदाज विचारले होते. तो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळी उपकरणं आणि सवयी यांत किती ऊर्जा जाते किंवा वाचते, याचा लोकांचा अंदाज सरासरी 2.8 पटींनी कमी भरला. त्यातली मेख अशी की छोट्या गोष्टींचा अंदाज किंचित जास्त होता आणि मोठ्यांचा भलताच कमी. लोकांच्या डोक्यातला तराजू सगळं मधल्या वजनाकडे ओढतो. ऊर्जा वाचवण्याचा सर्वात परिणामकारक उपाय कोणता, यावर सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं दिवे बंद करणं.

आठवडाभराचं मीटर

मी प्लगमध्ये बसणारी मीटरं लावून आठवडाभर आकडे घेतले. चार्जरपासून सुरुवात केली, कारण त्याच्यावरून घरात रोज वाद व्हायचा. नुसता सॉकेटमध्ये राहिलेला चार्जर मीटरला लावला तर पडद्यावर 0.0 आलं. भाचीला वाटलं मीटर बिघडलं. ते बिघडलेलं नव्हतं, इतकं कमी त्याला मोजताच येत नव्हतं. मी प्रत्येकी 0.2 वॅट धरलं. चार चार्जर वर्षभर चोवीस तास तसेच राहिले तर 7 युनिट. बाथरूमचा 9 वॅटचा एलईडी रोज दोन तास विसरला तर वर्षाला साडेसहा युनिट.

गिझरने एका आठवड्यात 18 युनिट घेतली. मोजणी बरोबर आहे का ते पाहायला मीटरचीही गरज नाही. शॉवरमध्ये गार पाणी मिसळून एका अंघोळीला टाकीभर, म्हणजे 15 लिटर, कढत पाणी जात होतं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला 4.2 किलोज्यूल लागतात, हे शाळेत शिकलेलं. पंधरा लिटर पस्तीस अंशांनी तापवायचं म्हणजे सुमारे 2,200 किलोज्यूल, म्हणजे 0.6 युनिट. तेवढ्यात तो बाथरूमचा दिवा 68 तास जळतो. एक अंघोळ म्हणजे जवळजवळ तीन दिवस-रात्र विसरलेला दिवा. भाचीने हे वहीत लिहून घेतलं आणि दोनदा गुणाकार करून पाहिला.

आणि एक गंमत. ज्या फ्रिजच्या दारावर तक्ता होता, तो फ्रिज तक्त्यात नव्हता. वर्षभर क्षणभरही बंद न होणारं ते एकच यंत्र. रोज 0.9 युनिट.

आकडे बोलून कुणाच्या डोक्यात जात नाहीत, हे धंद्यातून शिकलो आहे. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापायच्या ठरवल्या. वर्षाला एक किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक मिलिमीटर. वीज कशावर बनते त्यावर हा हिशोब हलतो. निव्वळ कोळशावरचं युनिट किलोच्या आसपास जातं, पाण्यावरचं किंवा वाऱ्यावरचं शंभर ग्रॅमच्या बरंच खाली राहतं. कोळशाचा वाटा मोठा असलेलं मिश्र जाळं गृहीत धरून मी युनिटला 0.7 किलो लावलं.

कात्री भाचीच्या हातात होती. दिव्याची पट्टी पाच मिलिमीटरची, ती कापताना चुरगळली. चार्जरची तेवढीच. फ्रिज तेवीस सेंटिमीटर. गिझर, उन्हाळा सोडून तीनशे दिवस धरले तर, 54. एसी, वर्षातल्या 110 रात्री आठ-आठ तास धरून, 62. इथपर्यंत सगळं फ्रिजच्या दारावर मावलं. तिने ईमेलची पट्टी मागितली, मी कात्री खाली ठेवायला सांगितली. व्हिडिओचं विचारलं. त्याबद्दल 2019 साली फार फुगवलेले आकडे जगभर फिरले आणि नंतर दुरुस्त झाले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा नंतरचा अंदाज तासाला 36 ग्रॅमच्या आसपास आहे. रोज दोन तास पाहिलं तरी वर्षाची पट्टी तीन सेंटिमीटरच्या आतच.

"ती काय सवय आहे का?"

गाडीच्या पट्टीपाशी भावोजी येऊन उभे राहिले. रोज 28 किलोमीटर, लिटरला 14, म्हणजे दोन लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. "लिटरभर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो कसं निघेल?" त्यांची शंका रास्त होती आणि जवळजवळ सगळेच ती काढतात. वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. कार्बनचा प्रत्येक अणू हवेतून ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो, आणि ते त्याच्यापेक्षा जड असतात. वर्षाचे 240 दिवस धरले तर पट्टी झाली एक मीटर दहा सेंटिमीटर.

मग विमान. जायला 3,000 किलोमीटर, यायला तेवढंच, माणसं चार: 24,000 प्रवासी-किलोमीटर. किलोमीटरला माणशी 90 ते 100 ग्रॅम. दोन मीटर तीस सेंटिमीटर. उंचावर सोडलेल्या बाष्पाचे आणि इतर वायूंचे परिणाम यात धरलेले नाहीत. भाचीने पट्टीचं टोक फरशीला लावलं आणि वर चढवत गेली. फ्रिज संपला, वरचे डबे संपले, शेवटी स्टुलावर उभं राहून तिने उरलेला तुकडा भिंतीला चिकटवला, जवळजवळ छताशी.

"पण ती काय सवय आहे का?" भावोजी म्हणाले. "वर्षातून एकदा गेलो. हे तक्त्यात कसं बसेल? रोज कुठे जातो आपण!"

मला वाटतं, सगळ्या प्रकरणाची गाठ याच वाक्यात होती. चौघांनी चिठ्ठ्यांचा क्रम चुकवला, ते फार मोठं नाही. अंदाज चुकतात, मोजले की सुधारतात. खरी चूक त्याच्या आधीच, कोऱ्या कागदावर झाली होती. "सवय" म्हटलं की मनात येतं ते रोजचं, छोटं, हाताने करायचं आणि हाताने थांबवायचं. गाडी घेणं, ऑफिसपासून लांब राहणं, एसी कितीचा घ्यायचा, सुट्टी कुठे घालवायची, हे निर्णय एकदाच होतात आणि मग सामानासारखे घरात पडून राहतात. त्यांना कुणी सवय म्हणत नाही. तक्त्याला सोळा ओळी असोत की साठ, ते त्यात येतच नाहीत. आणि जे यादीत नाही त्याचा अंदाज चुकण्याचाही प्रश्न येत नाही.

भावोजी हार मानणारे नव्हते. "विमान तसंही उडणारच होतं. आम्ही बसलो नसतो तर रिकाम्या खुर्च्या गेल्या असत्या."

"वीजकेंद्रही तसंच चालू असतं, भावोजी. मग दिवे तरी कशाला घालवायचे?"

मी हे टाळी घेण्यासाठी बोललो, मिळालीही. त्याची किंमत पुढे मोजली.

दारामागच्या एक्केचाळीस पिशव्या

ताई तोवर गप्प होती. पिशवीची पट्टी तिने स्वतः मागितली. पातळ प्लास्टिकच्या पिशवीमागे साधारण वीस ग्रॅम. वर्षाला तीनशे पिशव्या घेतल्या असत्या तरी पट्टी सहा मिलिमीटर. तिचा चेहरा पडला. वर्षानुवर्षं पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरणारी बाई ती.

मी कापडी पिशव्या मोजू म्हटलं. दारामागच्या खुंटीवर, गाडीत, माळ्यावर मिळून एक्केचाळीस निघाल्या. वापरातल्या पाच-सहा. बाकीच्या कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात मिळालेल्या, बऱ्याच घडीही न मोडलेल्या.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा पिशव्यांवरचा 2018 चा अभ्यास इथे कामाला येतो, आणि गोंधळातही टाकतो. साधी सुती पिशवी प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला किती वेळा वापरावी? फक्त हवामानाचा भार पाहिला तर 52 वेळा. ओझोनचा थर, पाणी, जमीन असे सगळे निकष एकत्र धरून सर्वात वाईट निकषावर तोललं तर 7,100 वेळा. सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी हेच आकडे 149 आणि 20,000. एकच पिशवी, एकच अभ्यास, आणि उत्तर सुमारे एकशे पस्तीस पटींनी इकडचं तिकडे. जाहिरातीत किंवा भांडणात ज्याला जो आकडा सोयीचा, तो उचलला जातो. आणि उघड्यावर फेकलेल्या पिशवीने काय होतं, हे त्या अभ्यासाने मोजलेलंच नव्हतं.

ते आजींनी मोजलं. "तुझी सहा मिलिमीटरची पट्टी ठीक आहे. पण जनावराच्या पोटात जाते ती पिशवी जाते. गटार तुंबतं ते पिशवीने. त्याचा तुझ्या पट्टीत हिशोब कुठे आहे?"

नव्हताच. माझी पट्टी एकाच वायूची होती. प्लास्टिकचा त्रास कार्बनचा नाहीच मुळी. ते कुजत नाही हा त्रास आहे, आणि तो किलोत येत नाही. नळाचंही तसंच. दात घासताना वाहून गेलेल्या पाण्यामागे कार्बन नगण्य, पण ज्या धरणातून ते आलं त्यात पाणी किती उरलंय, हा प्रश्न वेगळाच. मी ताईला म्हटलं की तुझी पिशवी बरोबर आहे, एक्केचाळीस बरोबर नाहीत. ती म्हणाली, "मग वाटून टाकू." एक्केचाळीस पिशव्या घरोघर वाटल्याने प्रत्येकाच्या दारामागची रास तेवढी वाढेल, हे मी तेव्हा बोललो नाही.

पट्ट्यांचे परिणाम

पट्ट्या लावल्यावर पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज तापलेला. "काय शिकवून गेलास पोरीला? घरभर दिवे चालू. विचारलं तर म्हणते, पाच मिलिमीटरच आहे, आणि मामा म्हणाला वीजकेंद्र तसंच चालू असतं."

चूक माझी. लहानसं ते शून्य, असं मी म्हटलं नव्हतं, पण दोन मीटरच्या पट्टीशेजारी पाच मिलिमीटरचा तुकडा ठेवल्यावर दुसरं काय वाचणार? तिच्या हातात असलेली एकमेव गोष्ट मी तिच्या देखत क्षुल्लक करून टाकली होती. तेरा वर्षांची मुलगी सहल रद्द करू शकत नाही, गाडी विकू शकत नाही. दिवा घालवू शकते. मी फोनवर तिची समजूत काढली, वीजकेंद्राचं वाक्य चेष्टेचं होतं हेही सांगितलं. मागणी कमी झाली की कुठेतरी कोळसा कमी टाकला जातो, थोडाच, पण जातो. तिने ऐकून घेतलं. दिवे पुन्हा बंद होऊ लागले, मात्र तारे पुन्हा कधी लागले नाहीत.

दुसरा परिणाम मीटरनेच दाखवला. गिझरचं सगळ्यांनी मनावर घेतलं होतं. शॉवर पाच मिनिटांवर आला आणि रोजची 2.6 युनिटं 1.7 वर उतरली. मी खूश. पण एसीच्या मीटरचं रिडिंग चढलं होतं. आधी साडेदहाला लागणारा एसी आता नऊलाच सुरू व्हायचा. दीड तास, म्हणजे जवळपास दीड युनिट. ताईला विचारलं तर ती सहज म्हणाली, "गिझरमध्ये एवढं वाचवतोय, जरा गार झोपलो तर काय बिघडलं?" 0.9 वाचवून 1.5 खर्च.

हेही नवीन नाही. व्हेरेना टीफेनबेक आणि सहकाऱ्यांनी 2013 साली एका निवासी संकुलातला प्रयोग प्रसिद्ध केला. दर आठवड्याला पाण्याच्या वापराचा तपशील मिळणाऱ्या घरांनी पाणी सरासरी 6 टक्के कमी वापरलं, आणि तो न मिळणाऱ्या घरांच्या तुलनेत त्यांचा वीजवापर 5.6 टक्के वाढला. एका खात्यात पुण्य जमा झालं की दुसऱ्या खात्यातून काढायची मुभा मिळाल्यासारखं वाटतं. याचाच भाऊबंद असलेला आणखी एक भ्रम प्रयोगांत दिसला आहे: नेहमीच्या इमारतींच्या वसाहतीत काही "हरित" इमारतींची भर घातली, तर लोक वसाहतीचा एकूण भार आधीपेक्षा कमी सांगतात. इमारती वाढल्या आणि भार घटला! मन बेरीज करायला बसतं आणि सरासरी काढून उठतं. तक्त्यावरच्या ताऱ्यांनीही तेच केलं होतं. चारशे हिरवे तारे पाहून सहलीचा भार हलका वाटत होता, आणि ताऱ्यांनी त्यातून एक ग्रॅमही वजा झालेला नव्हता.

सहा महिन्यांनी मी परत गेलो तेव्हाची स्थिती अशी. शॉवर पाच मिनिटांवर टिकला आहे. एसी पुन्हा साडेदहाला लागतो, पण ते मीटर पाहून झालं की पंख्याची जागा बदलल्यामुळे, सांगता येत नाही. भावोजी आठवड्यातून दोन दिवस शेजारच्यांच्या गाडीतून जातात. त्यांच्या मते हे पेट्रोलसाठी नसून पार्किंगच्या कटकटीसाठी आहे. कारण काही का असेना, पट्टी 44 सेंटिमीटरने आखूड झाली, आणि भाचीने ती लगेच कापली. पुढच्या सुट्टीबद्दल घरात बोलणं टाळलं जातं. तरी एकदा भावोजींनी तिला हळूच सांगितलं म्हणे, "रेल्वेने जाता येईल अशा दोन-तीन ठिकाणांच्या पट्ट्या कापून ठेव."

त्याच भेटीत तिने मला गाठलं. पाठ्यपुस्तकात धडा आला होता. "मामा, अन्नाची पट्टी कुठे आहे?"

मी म्हटलं, अन्नाचा हिशोब किचकट असतो. ते खरंही आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी 2018 साली 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती एकत्र केली, तेव्हा एकाच पदार्थाचा भार एका शेतात दुसऱ्याच्या कितीतरी पट निघाला. लोक अन्नाचा भार ते किती लांबून आलं आणि कशात गुंडाळलं यावर ठरवतात, पण अन्नाच्या एकूण भारात वाहतुकीचा वाटा एक-दशांशाहून कमी असतो. मोठा भाग शेतात आणि गोठ्यातच झालेला असतो. रवंथ करणारं जनावर मिथेन सोडतं, आणि तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवणारा वायू आहे.

"मग दूध?" तिने विचारलं.

जागतिक सरासरी लिटरला तीन किलोच्या आसपास. घरात दीड लिटर येतं. वहीत तिने गुणाकार केला: वर्षाला साडेपाचशे लिटर, एक हजार सहाशे चाळीस किलो. एक मीटर चौसष्ट सेंटिमीटर. गाडीपेक्षा लांब.

चौदा चिठ्ठ्या मी केल्या होत्या. गिझर मी घातला, फ्रिज मी घातला, सहल मी घातली, आणि दुसऱ्यांच्या कोऱ्या कागदावर काय राहिलं यावर शहाणपण सांगितलं. दुधाची चिठ्ठी मी केली नव्हती. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण पूर-नेमेचेकचे आकडे माझ्या लॅपटॉपमध्ये तेव्हाही होते. दूध, दही, तूप यांवर माझा जीव आहे, एवढंच खरं कारण.

भाचीने पट्टी कापली, पण भिंतीला लावली नाही. गुंडाळून माझ्या हातात ठेवली. "ही तू घरी ने. तुमच्याकडे किती लिटर येतं ते सांग, म्हणजे बरोबर मापाची कापून देते."

आमच्याकडे दोन लिटर येतं. मी तिला दीड सांगितलं.